दहाव्याला येणारा कॅमेरामन

भोईरदादा गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांचा दहावा होऊन तीन दिवस झाले होते. दुसऱ्या कोणाचा दहावा चुकला असता तर मी थोडी हळहळले असते आणि कामाला लागले असते. पण या माणसाने कधी कोणाचा दहावा चुकवला नव्हता, आणि नेमका त्याचाच माझ्याकडून चुकला. मला कळवलं का नाही म्हणून मी त्यांच्या सुनेला फोनवर जरा तिखटपणेच विचारलं. ती बिचारी म्हणाली, "ताई, बाबांनी सगळ्यांचे नंबर त्यांच्या वहीत लिहिलेले. ती वही काय घरात सापडली नाय." ती वही कुठे आहे ते मला माहीत होतं.

आम्ही दोघं एका परदेशी वृत्तवाहिनीत होतो. युरोपातला एक छोटा देश, त्या देशाच्या लोकांच्या करातून ती चालायची आणि जगभर इंग्रजीत बातम्या दाखवायची. जाहिरात नाही, मालक नाही. आपल्याकडे ती कोणी बघत नसे. माझी आई डोंबिवलीत शेजारणीला सांगायची, "हिचं चॅनल आमच्या टीव्हीवर येत नाही, पण आहे खरं." मुंबईत जागा परवडत नाही म्हणून ऑफिस ठाण्याला, नौपाड्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना. बर्वे सर ब्यूरोचे प्रमुख, मी बातमी जुळवणारी, लिहिणारी आणि एडिट करणारी, आणि भोईरदादा कॅमेरामन. बाकी दोन माणसं येत-जात असायची.

दादा मानपाड्याच्या पलीकडचे, आगरी. वडील तरुणपणी खाडीवर मिठागरात राबलेले, मग शेती, मग शेतावर इमारत. त्या इमारतीत दादांचे सहा गाळे भाड्याने होते. त्यांना नोकरीची गरज नव्हती आणि हे ते दर दिवाळीला बर्वे सरांना एकदा सांगायचे. बुटके, रुंद, चालताना दोन्ही पाय जमिनीवर जोर देऊन टेकवणारे. दुपारच्या डब्यात सुकट असली की खालच्या दवाखान्यातली बाई वर येऊन उभी राहायची. दादा तिला म्हणायचे, "तुमचे पेशंटचं तोंड उघडंच असतं, त्यात माझा काय गुन्हा?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक जाड वही असायची, रबर लावलेली. टीव्हीवाले काय काय टिपलं त्याची यादी करतात, प्रत्येक दृश्यापुढे वेळ आणि दोन शब्द. दादांची यादी निराळी. कॅमेऱ्यासमोर जो आला त्याचं नाव त्या यादीत पाहिजेच. पुढारी असो, नाही तर मागे उभी राहून शेंगा खाणारी बाई असो. "नाव काय, रेता कुठं?" एवढं विचारल्याशिवाय ते कॅमेरा खाली ठेवत नसत. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. गर्दीतल्या चौदा माणसांची नावं घेईपर्यंत दुसऱ्या वाहिन्यांची बातमी प्रसारित होऊन गेलेली असायची. एकदा मी चिडून विचारलं, की ही नावं तिकडे युरोपात कोण वाचणार आहे.

तेव्हा त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला त्यांच्या गावातली घरं पाडली. एका वाहिनीने बातमी दाखवली. त्यात दादांची आई तुटलेल्या ओट्यावर बसून रडताना दिसत होती आणि खाली अक्षरं होती, 'स्थानिक महिला'. "दिसभर दाखवली," दादा म्हणाले. "सगले गावाने बगितली. माझे आयशीला नाव नवता काय, बाय?"

बाय म्हणजे मी. त्यांच्याकडे लेकीबाळींना असंच म्हणतात. मी त्यानंतर नावांबद्दल कधी बोलले नाही.

दुसरी सवय त्याहून त्रासाची. वहीबरोबर त्यांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत एक पांढरी टोपी घडी करून ठेवलेली असायची. बातमीच्या कामात मयतं फार. इमारत पडली, नाला फुटला, कारखान्यात आग लागली की आम्ही स्मशानात हजर. दादांच्या गावचा नेम असा, की ज्याच्या मयताला गेलो त्याच्या दहाव्याला गेलंच पाहिजे. गावात ते ठीक. पण दादांनी तो नेम नोकरीलाही लावला. ते म्हणायचे, "कॅमेरा घेऊन गेलो म्हनून काय जालं, गेलो ना? मग तो मानूस अर्धा आपले अंगावर हाय." दहा दिवसांनी ते सकाळीच टोपी घालून त्या घरी जायचे, मग घाटावर एका कडेला बसायचे, पिंडाला नमस्कार करायचे आणि दुपारी ऑफिसला यायचे. कॅमेरा नेत नसत. बर्वे सर पुण्याचे, शिस्तीचे. त्यांनी दोन वर्षं वाद घातला आणि शेवटी भिंतीवरच्या फळ्यावर दादांसाठी वेगळा रकाना आखला. त्यात ते स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहायचे, 'भोईर: दहावा, कळवा', 'भोईर: दहावा, शहाड'. परदेशातून आलेल्या एका साहेबाला तो रकाना म्हणजे कसली तरी बैठक वाटली होती.

एकदा मुख्यालयातून एक नावाजलेली बातमीदार बाई आली होती. भिवंडीच्या बाजूला एका यंत्रमागवाल्याचं मयत होतं. त्याची आई दारातून रडत बाहेर आली. बाईंना ते दृश्य हवं तसं मिळालं नाही, म्हणून त्यांनी मला सांगितलं की आजींना पुन्हा एकदा दारातून यायला सांग. मी सांगायला निघालेही होते, हे कबूल करते. दादांनी कॅमेरा बंद करून लेन्सला झाकण लावलं आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, नो सेकंड टाईम. शी क्राय वन टाईम." बाई संतापल्या. रात्री हॉटेलवर जाऊन त्यांनी तक्रारीचं पत्र लिहिलं. आठवड्याने मुख्यालयाचं उत्तर आलं, की कॅमेरामनचं बरोबर होतं. दादांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

तेव्हापासून त्यांचा त्या वाहिनीवर देवासारखा विश्वास बसला. आधी ते एका स्थानिक केबल वाहिनीत होते. तिथे नगरसेवकाचा फोन आला की बातमी मरायची. "इथं कुनाचा फोन येत नय," हे ते इतक्या अभिमानाने सांगायचे की जणू ती वाहिनी त्यांच्या गावच्या मंडळाची असावी. त्या देशाचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. ते 'ती लोका' म्हणायचे. ती लोका खरं तेच करतील, ती लोकांना सांगितलं की समजेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या वासाबद्दल आम्ही एक मोठी बातमी करत होतो. सकाळी आठच्या पाळीची माणसं एका रसायनांच्या कंपनीत आत जाताना टिपायची होती. दादा गेटसमोर उभे, मी बाजूला टपरीवर. माणसं येत होती, दादा नावं विचारत होते, कोणी सांगत होतं, कोणी हसून पुढे जात होतं. सव्वाआठला काम संपलं. दहाच्या सुमाराला आम्ही तिथून जवळच चहा पीत असताना जमीन हलली आणि टपरीच्या बरण्या फुटल्या. मी खाली बसले. दादा कंपनीतून उठलेल्या धुराच्या दिशेने चालायला लागले होते.

त्या दिवसाचं बाकी मी लिहिणार नाही. आमच्या वाहिनीने धूर दाखवला, रुग्णालय दाखवलं. सकाळची गेटवरची दृश्यं कोणीच वापरली नाहीत. कंपनीच्या रजिस्टरवरून आत असलेल्यांची यादी लागली. बहुतेक मृतदेह ओळखता आले. एक माणूस बेपत्ता राहिला, प्रकाश गवळी, मोहने. दादांनी वही उघडली. सात पंचावन्नच्या पुढे त्यांच्याच अक्षरात होतं, 'निळा शर्ट, डबा डाव्या हातात, एकटा. प्रकाश गवळी, मोहने.'

"ह्याला आपुन जाताना बगितला," दादा म्हणाले. "मयत नय मिलला तरी दहावा हाय."

दहाव्या दिवशी मीही बरोबर गेले. मोहन्याला, बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या चाळींच्या मागे पत्र्याचं घर. दारात ना मांडव ना माणसं. दादांनी टोपी घातली आणि कडी वाजवली. खूप वेळाने एका माणसाने दार अर्धं उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर चादर.

"प्रकाश गवळीचं घर?"

"मीच प्रकाश. काय काम आहे?"

दादा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, देव पावला, माणूस जिवंत आहे. पण दादा म्हणाले, "तू तो नय."

प्रकाशने आम्हाला ओढून आत घेतलं आणि दार लावलं. मग तो जमिनीवर बसून बोलायला लागला. "मी तापाने पडलेलो. खाडा झाला असता तर कॉन्ट्रॅक्टरने काढून टाकलं असतं. म्हणून सुऱ्याला पास दिलेला. एक दिवस जा माझ्या नावाने, कोण फोटो बघतो? आधी पण दोनदा गेलेला तो. गेटवर कोणी विचारलं तर माझंच नाव सांग, असं मीच शिकवलेलं."

सुऱ्या म्हणजे सुरेश मोरे. आंबिवलीचा. मिळेल ते काम करणारा. त्याची बायको मंदा दहा दिवस रुग्णालयांतून फिरत होती. सगळीकडे तिला एकच उत्तर मिळत होतं, सुरेश मोरे नावाचा माणूस कंपनीत कामाला नव्हता. प्रकाश आतून कडी लावून बसला होता. त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिथूनच रिक्षाने आंबिवलीला गेलो. स्टेशनजवळच्या चाळीत तिसरी खोली. मंदा दारातच बसली होती, मांडीवर नवऱ्याचा फोटो असलेली प्लास्टिकची पिशवी. आत सात-आठ वर्षांची मुलगी अभ्यास करत होती. दादांनी फोटो पाहिला आणि मान खाली घातली. वाटेत मी ठरवलं होतं की काय सांगायचं, कसं सांगायचं. पण आमच्यापैकी कोणालाच एक गोष्ट सुचली नव्हती. दादांच्या डोक्यावर टोपी तशीच होती.

मंदाने ती टोपी पाहिली. मग दादांच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाच्या दहाव्याला आलाय तुमी?" तिने विचारलं.

दादांचा हात डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. ते म्हणाले, "बाय, जरा आत बस." ती आत गेली नाही. तिने मुलीला हाक मारली, शेजारणीकडे पाठवलं आणि मगच ओरडली. पुढे कित्येक महिने दादा मला विचारत राहिले, की मी टोपी काढली का नाही गं.

दुसऱ्या दिवशी ते तिला ऑफिसात घेऊन आले. न दाखवलेली दृश्यं बाहेरच्या माणसाला दाखवायची नाहीत असा वाहिनीचा नियम. बर्वे सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दाखवायला माझी हरकत नाही. देता मात्र येणार नाही." मी ते दृश्य लावलं. अकरा सेकंद. निळ्या शर्टातला माणूस गेटकडे येतो. मागून दादांचा आवाज, "नाव काय, रेता कुठं?" तो थबकतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "प्रकाश गवळी. मोहने." मग स्वतःशीच हसतो आणि आत जातो.

मंदाने ते पाच वेळा पाहिलं. शर्टाला वरचं बटण नव्हतं, ते लावायचं तिने त्याआधी दोन दिवस ठरवलं होतं, ते राहिलं होतं. सहाव्या वेळी तिने मला थांबवायला सांगितलं. म्हणाली, "शेवटचं बोलला ते पण दुसऱ्याचं नाव बोलला."

प्रकाश पोलिसांपुढे यायला तयार नव्हता, तरी काम सरळ होतं. ते अकरा सेकंद पोलिसांना दिले की सुरेश आत गेला होता हे सिद्ध होणार. मग मुलीचं रक्त घेऊन तिथल्या अवशेषांशी जुळवता येणार, नवरा मेला असा कागद मंदाला मिळणार. पोलिसांनी सांगितलं, वाहिनीकडून रीतसर आणा. बर्वे सरांनी मुख्यालयाला मोठं पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं.

मला रीतसर वगैरेची वाट बघायची नव्हती. ते दृश्य माझ्या मशीनवर होतं. मी दादांना म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, पेनड्राइव्हवर घेते आणि मंदाला देते. दादांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"चोरून नको, बाय. चोरून दिलं तर कंपनीचा वकील बोलेल, चोरीचा हाय, बनवलेला हाय. ती लोका देतील. बग तू. इथं कुनाचा फोन येत नय."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य भाषेत. मंदाच्या दुःखाबद्दल दोन ओळी होत्या. पण न दाखवलेली दृश्यं वाहिनी कोणत्याही देशाच्या पोलिसांना देत नाही. आज एका ठिकाणी दिली तर उद्या दुसरीकडचं सरकार मोर्चातल्या लोकांचे चेहरे मागेल, आणि मग आमच्या कॅमेऱ्यासमोर कोणी उभं राहणार नाही. मी पत्र टेबलावर आपटलं. दादांनी ते उचलून पुन्हा पाकिटात घातलं. मग म्हणाले, "खरं हाय त्यांचं." मला त्यांचा असा संताप आला! त्यांना खरंच ते पटलं होतं. आपला तोटा होत असूनही नियम बरोबर आहे हे ज्याला दिसतं, त्या माणसाशी भांडायचं कसं? बर्वे सरांनी फेरविचाराचा अर्ज केला. या वेळी दादांनी त्यात स्वतःचं एक वाक्य घालायला लावलं, की हा माणूस लपत नव्हता, त्याला दिसायचं होतं.

अर्ज तिकडे पोचला आणि त्याच महिन्यात त्या देशाच्या संसदेने वाहिनीचे पैसे निम्म्यावर आणले. आशियातले सगळे ब्यूरो बंद. आम्हाला मेल आला, महिनाअखेरीला ऑफिस रिकामं करा, यंत्रं परत पाठवा, त्यांच्यावरचं सगळं पुसून टाका. आपल्याकडच्या सगळ्या दृश्यांची प्रत मुख्यालयात आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

पुसायचं काम दादांचं. ते त्यांनी इतर कामांसारखंच केलं, वही उघडून, दृश्यं साठवलेली एकेक डबी, म्हणजे हार्ड डिस्क, समोर घेऊन. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. त्या दिवसाची डबी आली तेव्हा दादा थांबले. म्हणाले, "तिकडं हाय ना गं? नक्की?" मी म्हटलं, "लिहिलंय तसं." त्यांनी बटण दाबलं. मी पर्स उघडली नाही. नियम, अनुभवाचं पत्र, पुढची नोकरी, हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि ते मी दादांच्या सांगण्यामागे लपवलं. एवढंच खरं आहे.

दोन महिन्यांनी बर्वे सरांच्या घरच्या पत्त्यावर उत्तर आलं. अर्ज ज्या विभागाकडे होता तो विभाग आता नाही. न वापरलेली जुनी दृश्यं ठरलेल्या मुदतीनंतर काढून टाकण्यात आली आहेत. खाली सही नव्हती, नुसतं विभागाचं नाव होतं.

तरी दादा पोलिसांकडे गेलेच. मंदा, मी आणि ते. मी जे पडद्यावर पाहिलं ते सांगितलं. मंदाने सांगितलं. दादांनी वही टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अधिकारी वाईट माणूस नव्हता, त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने एक कागद पुढे केला. प्रकाश गवळीचा जबाब. मधल्या काळात कॉन्ट्रॅक्टर त्याला भेटून गेला असावा. जबाबात होतं, की त्या दिवशी मी स्वतः कामावर गेलो, धमाका झाल्यावर मागच्या भिंतीवरून पळालो, घाबरून घरात बसलो. म्हणजे बेपत्ता माणूस जिवंत सापडला होता. यादी पूर्ण झाली होती.

"आणि हे बघा," अधिकाऱ्याने दादांची वही त्यांच्याकडे फिरवली. "सात पंचावन्न. प्रकाश गवळी, मोहने. तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"मग तो खोटं कसं बोलतोय? तुम्हीच लिहिलंय तो आत गेला."

मंदा म्हणाली, "साहेब, माझ्या मुलीचं रक्त घ्या ना." अधिकारी म्हणाला, "कशाशी जुळवू, ताई? यादीतले सगळे मिळाले." तिला हरवल्याची तक्रार करायला सांगण्यात आलं. सात वर्षं पत्ता लागला नाही तर कोर्टात जाता येतं, हेही सांगितलं. वही त्यांनी ठेवून घेतली. प्रकाशच्या जबाबाला पुरावा म्हणून.

बाहेर आल्यावर दादांनी खिशावर हात ठेवला. मला म्हणाले, "मीच पुसला गं त्याला. आधी वहीत, मग डबीत." मी नाही नाही म्हणत राहिले. ते काही ऐकत नव्हते. त्यानंतर ते कॅमेऱ्याचं काम करायला कुठे गेले नाहीत. गाळ्यांच्या भाड्यावर मजेत राहता आलं असतं. पण त्यांचा मुलगा मला एकदा भेटला तेव्हा म्हणाला, की बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि आवाज बंद करून नुसत्या मागच्या माणसांकडे बघतात.

मंदाने सात वर्षं थांबायचं नाही असं ठरवलं. पोरीला शाळेत विचारतात, वडील कुठे आहेत, तिने काय सांगायचं? आंबिवलीच्या मागे नदीकाठी गुरुजींकडून दर्भाचा पुतळा करून तिने नवऱ्याला अग्नी दिला. त्याच्या दहाव्याला तिने दादांना बोलावलं आणि मलाही.

दादा माझ्या आधीच येऊन बसले होते. बारीक झाले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. टोपी मात्र कडक इस्त्रीची. मंदा, तिचा भाऊ, चाळीतल्या दोन बाया, मुलगी आणि आम्ही दोघं. कावळ्याचं मी सांगत बसत नाही. विधी झाल्यावर गुरुजींनी विचारलं, की मृताबद्दल कोणी दोन शब्द बोलणार आहे का. मंदाचा भाऊ पाण्याकडे बघायला लागला. कोणीच उठेना.

"दादा, तुमीच सांगा," मंदा म्हणाली. "शेवटचं तुमीच बघितलंत."

दादा उभे राहिले. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा सपाट होता. हात तसाच छातीवर ठेवून ते बोलायला लागले. गावच्या बोलीचं काहीच त्यांच्या बोलण्यात नव्हतं, यादी वाचून दाखवायचे तशाच आवाजात.

"सकाळी सात पंचावन्न. कंपनीचं गेट. उजेड मागून. निळा शर्ट, वरचं बटण नाही. डबा डाव्या हातात. एकटा. गेटकडे येतो. थांबतो. बघतो." इथे ते अडले. "हसतो. नाव..."

त्यांनी मंदाकडे पाहिलं. बोलली मात्र मुलगी. आईचा पदर धरून उभी होती, शाळेत हजेरी देतात तशी मोठ्याने म्हणाली, "सुरेश बाबू मोरे."

"सुरेश बाबू मोरे," दादा म्हणाले. "आंबिवली."

मग त्यांचा आवाज उतरला आणि ते आपल्या बोलीत आले.

"आत गेला, बाय. मी बगितला त्याला. आत गेला, भायेर आला नय."

ते खाली बसले, टोपी काढली, तिची घडी घातली आणि वहीच्या जागी, त्या रिकाम्या खिशात ठेवली.